लिंकनचे न लिहिलेले पत्र आणि लिहिलेली पत्रे

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत, नाहीतर जिन्याच्या वळणावर, एक पत्र चौकटीत लावलेले असते. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना ते लिहिले, असे त्यावर म्हटलेले असते आणि अनुवादक म्हणून कवी वसंत बापट यांचे नाव असते. शिक्षकदिनाला ते मोठ्याने वाचले जाते, निरोपसमारंभात भेट म्हणून दिले जाते. मराठी माणसाला लिंकन माहीत आहे तो मुख्यतः या पत्रामुळे.

हे पत्र लिंकनचे नाही. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून, मिळेल तिथून पुस्तके आणून वाचत गेलो. पण या प्रश्नाचा निकाल लावायला पदवी लागत नाही, चिकाटीने पाने उलटावी लागतात. लिंकनच्या लेखनाचे आठ खंड रॉय बॅसलर यांच्या संपादनाखाली १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दोन ओळींच्या चिठ्ठ्याही आहेत, तारा आहेत, कोर्टाच्या कामातले कागद आहेत. हेडमास्तरांना लिहिलेले हे पत्र त्यांत नाही. लिंकनचे खासगी कागद त्याचा थोरला मुलगा रॉबर्ट याने जपून ठेवले होते. आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते उघडू नयेत, अशी अट घालून त्याने ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले. २६ जुलै १९४७ रोजी ते खुले झाले. त्या संग्रहातही हे पत्र सापडले नाही.

मजकूर पाहिला तरी शंका यायला हवी. या पत्रात शाळेचे नाव नाही, हेडमास्तरांचे नाव नाही, मुलाचेही नाव नाही. लिंकनला चार मुलगे होते. एडी चार वर्षांचा होण्याआधीच १८५० मध्ये गेला. विली १८६२ च्या फेब्रुवारीत, अकराव्या वर्षी, व्हाइट हाउसमध्येच वारला. धाकटा टॅड याला घरी शिकवायला शिक्षक येत, पण अभ्यासात त्याचे मन रमत नसे. रॉबर्ट बोर्डिंग शाळेत आणि पुढे हार्वर्डला गेला. यांतल्या कोणाबद्दल हे पत्र आहे, असा साधा प्रश्न आपल्या शाळांत सहसा कोणी विचारत नाही. माझा मुद्दा तिथून सुरू होतो.

चांगलेच तर सांगितले आहे!

हे बोलून दाखवले की शिक्षकांकडून एक उत्तर ठरलेले येते: ‘पत्र कोणाचे का असेना, त्यात चांगलेच सांगितले आहे ना?’ या उत्तराला हसून सोडून देता येत नाही. खुद्द लिंकनच्या आयुष्यात त्याला बळ देणारा दाखला आहे.

लहानपणी लिंकनने पार्सन वीम्सने लिहिलेले जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र वाचले होते. चेरीचे झाड तोडून वडिलांपाशी कबुली देणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनची गोष्ट आपल्याकडेही ठाऊक आहे. ती याच वीम्सने १८०६ च्या आवृत्तीत घातली आणि तिला पुरावा काहीही नाही. म्हणजे भिंतीवरच्या आपल्या पत्रासारखेच बनावट खाद्य लिंकनलाही लहानपणी मिळाले होते, आणि तरी तो लिंकन झाला. मग आपण एवढे का रागवावे?

पण त्या पुस्तकातून त्याने काय उचलले, ते त्यानेच सांगून ठेवले आहे. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघालेला असताना २१ फेब्रुवारी १८६१ रोजी ट्रेंटन येथे न्यू जर्सीच्या सिनेटपुढे त्याने या पुस्तकाची आठवण काढली. चेरीच्या झाडाचे नावही घेतले नाही. ट्रेंटनची लढाई, नदी ओलांडणे, सैनिकांनी सोसलेले हाल हे मनावर ठसले, असे तो म्हणाला. एवढे सोसायचे तर ही माणसे कुठल्यातरी असामान्य गोष्टीसाठी लढत असली पाहिजेत, असा विचार त्या वयातही मनात आला, असेही त्याने सांगितले. मुलाने उपदेश बाजूला ठेवला आणि प्रश्न उचलला. हे होऊ शकले, कारण त्या पुस्तकात उपदेशाखेरीज घटनाही होत्या. आपल्या भिंतीवरच्या पत्रात घटनाच नाही. त्यात विचारण्यासारखे काही नाही, मान डोलावण्यासारखे मात्र सगळे आहे.

यात नुकसान दोन प्रकारचे आहे. चांगल्या भावनेला पुरावा लागत नाही, हे मूल शाळेच्या भिंतीवरूनच शिकते. पुढे मोबाइलवर कोणाच्याही नावाने आलेले कोणतेही वाक्य ते त्याच विश्वासाने पुढे पाठवते. दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. चार वर्षांच्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली, चाळीस लाख गुलामांच्या आयुष्याचा प्रश्न सुटायचा होता, आणि त्या काळात सत्तेवर असलेला माणूस आपल्यापुढे येतो तो सुविचार सांगणारा पालक म्हणून. त्याने घेतलेले निर्णय गळून पडतात.

अमेरिकेतही तेच

ही खोड आपलीच आहे असे समजू नये. गेटिसबर्गचे भाषण लिंकनने आगगाडीत बसून, हाताला लागलेल्या कागदाच्या तुकड्यावर खरडले, ही कथा अमेरिकन मुलांच्या पिढ्यांनी ऐकली. १९०६ साली मेरी रेमंड शिपमन अँड्र्यूज यांची ‘द परफेक्ट ट्रिब्यूट’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि तिने हा समज घरोघर पोहोचवला. वस्तुस्थिती अशी की या भाषणाच्या लिंकनच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या प्रतीचे पहिले पान राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या छापील कागदावर शाईने लिहिलेले आहे. माणूस टेबलापाशी बसून, शब्द तोलून लिहीत होता.

प्रतिभेची वीज चमकली ही गोष्ट सांगायला सोपी असते. पुन्हा पुन्हा लिहून शब्द घासले, हे सांगताना विद्यार्थ्यापुढे कष्ट ठेवावे लागतात. लाकडी खोपटात जन्म, चुलीच्या उजेडात अभ्यास, प्रामाणिक वकील, राष्ट्राध्यक्ष, गुलामांना मुक्ती, नाटकगृहात गोळी: या सहा पायऱ्यांत चरित्र आटोपले की लिंकन जन्मतःच तयार होता असे वाटू लागते. मग विद्यार्थ्याने त्याच्याकडून शिकायचे काय?

नापास झालेल्या मुलाला

लिंकनने शिक्षणाविषयी खरोखर लिहिलेली पत्रे आहेत आणि ती कोणालाही वाचता येतात. त्यांतल्या दोन पत्रांचा आशय सांगतो.

पहिले पत्र २२ जुलै १८६०चे. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. त्या वेळी लिंकन रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, निवडणूक साडेतीन महिन्यांवर आली होती. तरी त्याने या मुलाला स्वतः लिहिले. तुझ्या अपयशाची बातमी वाचून मला फार दुःख झाले, पण यात खचून जायचे कारण नाही. आत येण्याचा निश्चय कर, पुन्हा प्रयत्न कर. हे सगळे तो मोठेपणाचा आव न आणता लिहितो. आणि मग अगदी व्यवहारातली सूचना देतो: विद्यापीठाच्या अध्यक्षांना भेट, आड आलेल्या अडचणी दूर करण्याचा मार्ग ते दाखवतील. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ज्या बातम्या येतात त्या आठवा. अपयश कसे पचवायचे ते माझ्या मुलाला शिकवा, असे हेडमास्तरांना सांगणारे खोटे पत्र आपण मढवले. खरोखर नापास झालेल्या एका मुलाला गाठून लिहिलेले खरे पत्र मात्र आपल्या शाळांपर्यंत पोहोचलेच नाही.

दुसरे पत्र ५ नोव्हेंबर १८५५चे, इशॅम रेव्हिस नावाच्या तरुणाला. त्याला लिंकनच्या हाताखाली वकिली शिकायची होती. लिंकन कळवतो की मी सतत बाहेरगावी असतो, तेव्हा शिष्य ठेवणे मला जमणार नाही. पण कोणाच्या हाताखाली शिकतोस याला फारसे महत्त्व नाही. पुस्तके मिळव, समजेपर्यंत वाच. मी वाचले ते न्यू सेलममध्ये, तीनशे वस्तीसुद्धा कधी नव्हती त्या गावात. पुस्तके सगळीकडे सारखीच असतात आणि ती समजून घेण्याची ताकदही. आयुष्यात सगळी मिळून वर्षभरसुद्धा शाळा न पाहिलेला माणूस हे लिहीत होता. गावात कॉलेज नाही, ग्रंथालय तालुक्याला आहे, अशा मुलाला हे पत्र मी वाचून दाखवतो तेव्हा भाषांतर करावे लागते ते फक्त भाषेचे.

दोन्ही पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांत नाव आहे, गाव आहे, तारीख आहे, अडचण आहे. लिंकन सल्ला देतो तो समोरच्या माणसाची अडचण पाहून.

दहा दिवस

लिंकनच्या चरित्रातला एकच तुकडा शिकवायला मिळाला तर मी १८६२ च्या डिसेंबरचे शेवटचे दिवस निवडीन.

२३ डिसेंबरला त्याने फॅनी मॅकलो या तरुणीला सांत्वनाचे पत्र लिहिले. तिचे वडील इलिनॉयमधले, लिंकनच्या ओळखीचे, कोर्टात कारकून राहिलेले. ते मिसिसिपीत लढाईत मारले गेले होते आणि मुलीने दुःखाने अंथरूण धरल्याचे लिंकनच्या कानावर आले होते. दुःख कोणालाच चुकत नाही, पण कोवळ्या वयात ते अनपेक्षित असल्याने जास्त कडवट लागते. काळ जाईल तसे बरे वाटेल, आज त्यावर विश्वास बसणार नाही तरी. हे मी अनुभवाने सांगतो आहे. अशा अर्थाचे ते पत्र आहे. नवव्या वर्षी आई गेलेल्या आणि दहा महिन्यांपूर्वी विलीला पुरलेल्या माणसाला हा शब्द वापरण्याचा अधिकार होता. पत्रात त्याने विलीचे नाव काढलेले नाही.

२६ डिसेंबरला मिनेसोटा राज्यात मँकेटो येथे डकोटा जमातीच्या ३८ माणसांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. कराराप्रमाणे ठरलेले पैसे मिळाले नाहीत, उपासमार सुरू झाली, तेव्हा डकोटांनी उठाव केला होता आणि त्यात शेकडो वसाहतवाले मारले गेले होते. लष्करी आयोगाने ३०३ जणांना फाशी सुनावली. कित्येक खटले काही मिनिटांत उरकले होते. सगळ्यांना लटकवा म्हणून मिनेसोटातून मोठा दबाव होता. लिंकनने सगळी कागदपत्रे मागवून घेतली, एकेक खटला तपासून घेतला, लढाईत भाग घेतलेले आणि निःशस्त्रांच्या कत्तलीत सामील असलेले यांत फरक केला आणि ३९ नावांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांतल्या एकाची फाशी ऐनवेळी थांबली. अडीचशेहून अधिक माणसे त्याने वाचवली. आणि ज्या खटल्यांचा उथळपणा त्याला दिसला होता, त्याच खटल्यांच्या आधारावर ३८ जण मेलेही त्याच्याच सहीने.

१ जानेवारी १८६३ रोजी त्याने गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. सकाळपासून तीन तास नववर्षाच्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करून हात थरथरत होता. सही कापरी आली तर मी कचरलो असे लोक म्हणतील, म्हणून त्याने सावकाश, घट्ट हाताने नाव लिहिले. या जाहीरनाम्याने बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त ठरवले. केंद्राशी एकनिष्ठ राहिलेल्या केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर या राज्यांतल्या गुलामांना त्याने हात लावला नाही. पण कृष्णवर्णीयांसाठी सैन्याचे दार त्याने उघडले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक त्यात सामील झाले.

दहा दिवस, तीन कागद, एकच हात. नववीच्या एका वर्गात हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मग सर, तो चांगला होता की वाईट?” मी उत्तर दिले नाही. वर्गाला ३०३ आणि ३८ हे दोन आकडे फळ्यावर लिहायला लावले आणि त्या यादीवर सही करताना तुम्ही काय केले असते, ते चार ओळींत लिहा म्हटले. तास संपल्याची घंटा झाली तरी मुले लिहीत होती. सुविचार वाचून झाल्यावर असे झालेले मी पाहिलेले नाही.

माणूस बदलतो तेव्हा

दुसरी गोष्ट शिकवायला हवी ती लिंकनच्या बदलण्याची. १८ सप्टेंबर १८५८ रोजी इलिनॉयमधल्या चार्ल्सटन येथे डग्लससोबतच्या जाहीर वादात त्याने स्पष्ट सांगितले होते की कृष्णवर्णीयांना मतदार किंवा ज्यूरीचे सभासद करावे, अधिकारपदे द्यावीत किंवा त्यांनी गोऱ्यांशी विवाह करावेत, या मताचा मी नाही. गुलामगिरी अन्यायी आहे असे तो त्याच्याही आधीपासून म्हणत होता, पण समानता त्याला मान्य नव्हती. १४ ऑगस्ट १८६२ रोजी, म्हणजे जाहीरनाम्याचा मसुदा तयार असताना, त्याने पाच कृष्णवर्णीय प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून, तुम्ही देश सोडून बाहेर वसाहत केलेली बरी, असा सल्ला दिला. आणि ११ एप्रिल १८६५ रोजी व्हाइट हाउसच्या खिडकीतून केलेल्या अखेरच्या जाहीर भाषणात तोच माणूस म्हणाला की शिकलेल्या आणि सैन्यात सेवा केलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा असे मला वाटते. खाली गर्दीत जॉन विल्क्स बूथ ऐकत होता. तीन दिवसांनी त्याने गोळी घातली.

सात वर्षांत हे अंतर तोडले कसे? इथे लिंकनच्या एकट्याच्या चरित्राबाहेर पडावे लागते. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या केंद्रीय ठाण्यावर तीन गुलाम पळून आले आणि तिथल्या सेनाधिकाऱ्याने त्यांना परत द्यायला नकार दिला. मग हजारो आले. मुक्तीचा प्रश्न सरकारच्या दारात त्यांनी पायी चालत आणून ठेवला. फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला लेखक आणि वक्ता, ऑगस्ट १८६३ मध्ये लिंकनला भेटला आणि कृष्णवर्णीय सैनिकांना पगार कमी का, असा जाब त्याने समोरासमोर विचारला. गोऱ्या सैनिकाला महिना तेरा डॉलर मिळत, कृष्णवर्णीयाच्या हाती कपड्यांचे पैसे कापून सात पडत. समान पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला. एप्रिल १८६४ मध्ये केंटकीच्या हॉजेस या संपादकाला लिहिलेल्या पत्रात लिंकनने मान्य केले की घटनांवर माझा ताबा होता असे नाही, घटनांनीच मला चालवले. त्या घटनांना चेहरे होते. ‘लिंकनने गुलाम मुक्त केले’ या वाक्यात ते पुसले जातात.

जोतीराव आणि डग्लस

मराठीत या विषयाचे दार फार आधी, आणि फार योग्य ठिकाणी, उघडले गेले होते. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झीज सोसलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ते अर्पण केले. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. अमेरिकेत गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली, त्याला आठ वर्षेही झाली नव्हती. जोतीरावांनी अर्पणपत्रिका एका राष्ट्राध्यक्षाला लिहिली नाही, लोकांना लिहिली. अमेरिकेतून त्यांनी उचलला तो आपल्या समाजाला विचारण्याचा प्रश्न. पुढे शंभर वर्षांत आपण त्या प्रश्नाच्या जागी सुविचारांचे पत्र कसे आणून लावले, याचा विचार आपल्या शिक्षणव्यवस्थेने करायला हवा.

लिंकन कसा शिकवावा याचा वस्तुपाठ डग्लसने घालून दिला आहे. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाचे अनावरण झाले. स्मारकाचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांनी जमवला होता. त्याची सुरुवात शार्लट स्कॉट या बाईने आपल्या कमाईतून दिलेल्या पाच डॉलरने झाली होती. राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसले होते. अशा प्रसंगी डग्लस म्हणाला की लिंकन प्रामुख्याने गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, आम्ही फार तर त्याची सावत्र मुले. लगेच त्याने दुसरे मापही लावले: गुलामगिरीविरोधकांच्या दृष्टीने पाहिले तर लिंकन मंद आणि थंड वाटतो, पण देशाच्या जनमताच्या मापाने, जे त्याला राज्यकर्ता म्हणून विचारात घ्यावेच लागत होते, तो वेगवान आणि निश्चयी होता. त्या दिवशी नुसती स्तुती करणे सोपे होते. डग्लसने पुतळ्याच्या पायथ्याशी उभे राहून हिशेब मांडला, आणि त्यानंतरची त्याची कृतज्ञता म्हणूनच खरी वाटते.

शाळांना माझी सूचना साधी आहे. भिंतीवरचे पत्र काढू नका. त्यातली मराठी मुलांच्या कानाला गोड लागते, तर लागू द्या. त्याखाली एवढीच ओळ लिहा की हे लिंकनचे असल्याचा पुरावा नाही. आणि शेजारी लॅथमला लिहिलेल्या पत्राचा अनुवाद लावा, तारखेसकट आणि गावाच्या नावासकट. इतिहासाच्या एका तासाला दोन्ही पत्रे मुलांपुढे ठेवून विचारा: यांतले खरे कोणते, आणि ते तुम्ही कशावरून ठरवलेत? मुले काय उत्तर देतात ते वहीत लिहून ठेवा. लिंकनविषयी त्या तासात ती थोडेच शिकतील, पण शिक्षक सांगतात म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हे त्यांना शिक्षकांकडूनच कळलेले असेल.